गणितात पुढे असणारे मूल आणि आपण

(तालुक्यातील शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका निवृत्त गणित-शिक्षकाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

या शिबिरात मला दिलेला विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ‘गणितात विशेष गती असलेल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण’ हा विषय शहरातील एखाद्या सुखवस्तू पालक-मंडळाच्या सभेत शोभावा. आपल्यासारख्यांच्या शिबिरात त्याचे काय प्रयोजन, असे वाटणे स्वाभाविक आहे. काल याच मांडवात आपण कमी पटाच्या शाळांवर येऊ घातलेल्या संकटाविषयी बोललो, शिक्षकांच्या रिक्त जागांविषयी बोललो, सातवीत जाऊनही भागाकार न येणाऱ्या मुलांविषयी बोललो. त्या चर्चेनंतर आज हुशार मुलांची काळजी वाहणे म्हणजे उपाशी माणसांच्या पंगतीत पक्वान्नांची चर्चा करण्यासारखे आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर मला त्याचे नवल वाटणार नाही.

हा आक्षेप मला परका नाही. तीसेक वर्षांच्या नोकरीतला बहुतेक काळ मी तोच उराशी धरून होतो. आज तो मला चुकीचा वाटतो, आणि का चुकीचा वाटतो हे सांगण्यासाठी मी उभा आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

१९९८ सालची गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावात मी सातवीच्या वर्गाला गणित शिकवीत होतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी मी एक चाचणी घेतली. तीत ४७ गुणिले ५३ असा एक साधा गुणाकार होता. एका मुलीने नुसते उत्तर लिहिले होते: २४९१. खाली रीत नव्हती, हातचे नव्हते, आडवी रेघ नव्हती. तिने शेजारणीचे पाहिले असावे असे समजून मी चारांपैकी एक गुण दिला. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली आणि म्हणाली, “गुरुजी, पन्नासाला पन्नासानं गुणलं की पंचवीसशे होत्यात. एक आकडा तीननं खाली, दुसरा तीननं वर. मग तीन त्रिक नऊ वजा करायचे.” मी म्हटले, “बरं, पण परीक्षेत रीत लिहावी लागते.” ती गेली नाही. तिने विचारले, “पन्नासच्या जागी दुसरा कुठलाबी आकडा धरला तरी असंच व्हतंय का, गुरुजी?” मी पुन्हा सांगितले, “अगं, आधी रीत लिहायला शीक.”

मित्रहो, (अ + ब) गुणिले (अ − ब) म्हणजे अ-वर्ग वजा ब-वर्ग, हे सूत्र मी वरच्या वर्गांना वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून देत होतो. मला ते पाठ होते. परंतु तेच सूत्र एका बारा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या बुद्धीने शोधून माझ्यापुढे ठेवले तेव्हा मला ते ओळखता आले नाही. नुसता गुणाकार करणारी मुले पुष्कळ असतात. ‘हे नेहमीच होते का?’ असा प्रश्न विचारणारे मूल क्वचित भेटते, आणि गणिताचा आरंभ त्या प्रश्नापासून होतो. दसऱ्यानंतर ती आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी परतली, परीक्षा दिली, पास झाली. पुढच्या वर्षी पटावर तिचे नाव होते, ती नव्हती.

तिचे पुढे काय झाले, याची मी चौकशी केली नाही. आपल्या शाळेतून एक गणिती निघून गेला असावा, हे माझ्या ध्यानात यायलाच बरीच वर्षे गेली.

आता आपल्या शिक्षक-खोलीत या बाबतीत जी मते नेहमी ऐकू येतात, त्यांकडे वळू. मी ती तीन गटांत मांडतो. ती माझीही मते होती, म्हणून त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही.

पहिले मत असे की, हुशार मूल आपला मार्ग आपणच काढते. शिक्षकाने बुडणाऱ्याला हात द्यावा, पोहणाऱ्याची चिंता करू नये. या मताच्या समर्थनार्थ रामानुजनचे नाव हमखास घेतले जाते. परंतु रामानुजनची हकिगत नीट पाहिली तर ती या मताच्या विरुद्धच साक्ष देते. कुंभकोणमच्या शाळेत त्यांच्या गुणांचे कौतुक झाले. महाविद्यालयात मात्र गणिताखेरीज इतर विषयांत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढची काही वर्षे त्यांनी दारोदार हिंडून काढली. १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांची कारकुनी मिळाली आणि १९१३ साली केंब्रिजच्या हार्डींना लिहिलेल्या पत्राची दखल घेतली गेली. एवढ्या सगळ्या गोष्टी जुळून आल्या म्हणून आपल्याला ते नाव ठाऊक आहे. शिवाय घरी दारिद्र्य असले तरी त्या घराला अक्षर परके नव्हते. ज्यांच्या घरात अक्षरच नव्हते आणि ज्यांच्या पत्राला उत्तर आले नाही, त्यांची चरित्रे लिहिली गेलेली नाहीत. पोहोचलेल्या एकाकडे पाहून ‘वाट आहेच’ असा निष्कर्ष काढणे हे गणिताच्या शिक्षकाला तरी शोभत नाही.

सुखवस्तू घरातील हुशार मूल आपला मार्ग काढते हे खरे. पण तो मार्ग त्याचे आईबाप पैसे देऊन बांधतात. आठवीपासूनचे ‘फाउंडेशन’ वर्ग, मोबाईलवरील शिकवण्या, ऑलिंपियाडची पुस्तके, गरज पडल्यास लातूर किंवा कोटा. आपण शाळेतून हात काढून घेतला की हुशार मुलाचे शिक्षण थांबते असे नाही. ते बाजाराच्या ताब्यात जाते. आणि बाजार कोणाला दारात उभे करतो, हे या शिबिरात सांगण्याची गरज नाही. गरिबाघरच्या हुशार मुलाला सरकारी शाळेवाचून दुसरे कोणीही नाही. म्हणून ‘हुशारांकडे लक्ष नको’ हे धोरण वरवर समतेचे दिसले, तरी प्रत्यक्षात त्याचा फटका फक्त गरीब हुशार मुलाला बसतो.

याचे एक ताजे उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचे आहे. तेथील सार्वजनिक शाळांत आठवीला बीजगणित घेणारी आणि न घेणारी अशी मुलांची विभागणी होत असे, आणि मागे पडणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाची मुले अधिक असत. ही विभागणी मोडावी या हेतूने तेथील शिक्षण मंडळाने २०१४ साली ठरविले की, बीजगणित सर्वांना नववीतच शिकवायचे. हेतू चांगला होता. आपल्यापैकी कोणीही त्याला हात वर केला असता. पण ज्या पालकांपाशी पैसा आणि माहिती होती त्यांनी बाहेरच्या अभ्यासक्रमांतून मुलांना पुढे नेले. ज्यांच्यापाशी नव्हती त्यांची हुशार मुले थांबून राहिली. वरच्या पातळीचे गणित घेणाऱ्यांमधील वांशिक दरी या धोरणाने मिटली नाही, असे पुढे झालेल्या अभ्यासातून दिसले. अखेर २०२४ साली मंडळाने आठवीला बीजगणित परत आणण्याचा निर्णय घेतला आणि त्याच सुमारास शहरातील मतदारांनीही मोठ्या बहुमताने तसाच कौल दिला. वरचा जिना काढून टाकल्याने तळमजल्यावरची माणसे वर येत नाहीत. ज्यांच्या घरी शिडी आहे तीच काय ती चढतात.

दुसरे मत अधिक गंभीर आहे, कारण ते आपल्या विचारपरंपरेतून आलेले आहे. साधने तुटपुंजी आहेत. ती आधी सर्वांत मागे असलेल्यांसाठी वापरावीत, मूठभरांसाठी नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात नेमका हाच सवाल केला होता: महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि सरकारचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा कुठला न्याय? ही भूमिका आजही आपल्याला सोडता येणार नाही.

परंतु जोतीरावांचा रोख कोणावर होता? तो मक्तेदारीवर होता. बुद्धीच्या वाढीला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. लिहिता-वाचता आले, आता पुरे, असे त्या शाळेने तिला सांगितले असते तर तो निबंध लिहिला गेला नसता. पुढे बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीला कोणी ‘मूठभरांवरचा खर्च’ म्हणेल काय? दलित आणि बहुजन समाजातील मुलांना किमान शिक्षण मिळाले म्हणजे झाले, उत्तम शिक्षण हा इतरांचा प्रांत, असे आपण न बोलता मान्य करू लागलो, तर जुन्याच व्यवस्थेला आपण नव्या शब्दांत मान्यता देत असतो.

मागे राहिलेल्या मुलाचा हक्क पहिला आहे, याविषयी दुमत नाही. माझे म्हणणे इतकेच की, त्या हक्काच्या आड पुढे असलेले गरीब मूल येत नाही. दोघांनाही वंचित ठेवणारे कारण एकच आहे: वर्गात साठ मुले, हातात निवडणुकीच्या याद्या, आणि पाठ्यपुस्तक संपविण्याची घाई. या घाईत शिक्षक मधल्या मुलासाठी शिकवतो. खालचे मूल सुटते तसेच वरचेही सुटते.

तिसरे मत मात्र आपल्या शाळांतून प्रत्यक्ष राबविले जाते: हुशार मुलांची वेगळी तुकडी करा. ‘अ’ तुकडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यात डॉक्टरांची, वकिलांची, आणि खरे बोलायचे तर आपली, म्हणजे शिक्षकांची मुले असतात. चांगले शिक्षक तिकडे जातात, ‘ड’ तुकडीला कोणीतरी रजेवरून परतलेला मिळतो, आणि एकदा लागलेला शिक्का दहावीपर्यंत पुसला जात नाही. या पद्धतीला माझा विरोध कायम आहे. पण तिला विरोध करताना आपण एक प्रश्न टाळतो: ही निवड करतो कोण? निवड करतो आपण. आणि आपली नजर कितपत भरवशाची आहे?

अमेरिकेतच फ्लोरिडा राज्यातील ब्रोवर्ड परगण्यात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी मिळाली. तेथे विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी शिक्षक किंवा पालक नावे सुचवीत आणि मग त्या मुलांची चाचणी होई. २००५ पासून परगण्याने पद्धत बदलली: दुसरीतील प्रत्येक मुलाची, भाषेवर फारसा भर नसलेली एक चाचणी घ्यायची आणि तीत चमकलेल्यांना पुढच्या तपासणीला पाठवायचे. प्रवेशाचा निकष खाली आणलेला नव्हता. तरीही गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक घरांतील निवडल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण ठळकपणे वाढले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. याचा अर्थ सरळ आहे. ती मुले आधीही त्याच वर्गांत बसत होती आणि तितकीच हुशार होती. शिक्षकांना ती दिसली नव्हती, आणि त्यांच्या आईबापांना अर्ज करायचा असतो हे माहीत नव्हते. पुढे निधीच्या टंचाईत ही चाचणी आवरती घेतली गेली, तेव्हा ते प्रमाण पुन्हा घसरले.

ते शिक्षक दुष्ट किंवा आळशी होते असे मी मानत नाही. हुशार मूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते: स्वच्छ गणवेश, सुवाच्य अक्षर, चटकन वर होणारा हात, प्रमाण भाषेतले उत्तर. गणिताची गती यांपैकी एकाही गोष्टीवर अवलंबून नाही. माझ्या वर्गातील ती मुलगी मागच्या बाकावर बसत असे, हात वर करीत नसे आणि तिला रीत लिहिण्याचा कंटाळा होता. ‘निष्काळजी’ असा शेरा मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिल्याचे मला आठवते.

या तीन मतांखाली एक चौथे मत दडलेले असते. ते कोणी बोलून दाखवीत नाही. आपल्याला न येणारा प्रश्न मुलाने विचारला तर काय, ही ती भीती. गणिताच्या शिक्षकाला ती फार छळते, कारण ‘उत्तर माझ्यापाशी आहे’ या विश्वासावरच त्याचे वर्गातील आसन टिकून आहे असे त्याला वाटते. ‘रीत लिही’ हे माझे उत्तर शिस्तीपोटी आले होते की भीतीपोटी, हे मी आज खात्रीने सांगू शकणार नाही.

या भीतीवर उतारा म्हणून मी देवळालीच्या एका शाळामास्तरांची आठवण करून देतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शिक्षक होते. त्यांच्यापाशी गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. विद्यापीठीय गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. पण संख्यांशी खेळण्याचा त्यांचा छंद जन्मभर सुटला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. त्यांचा ६१७४ हा अंक आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग तो हलत नाही. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

हे उदाहरण केवळ गमतीसाठी सांगितलेले नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी ते वर्गात वापरू लागलो, आणि जो प्रश्न मला इतकी वर्षे सुटला नव्हता तो बराचसा सुटला. ज्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही त्याला येथे वजाबाकीचा भरपूर सराव मिळतो, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे ६१७४ स्वतःच सांगतो. मधल्या मुलांना आश्चर्य वाटते. आणि मागच्या बाकावरून एखादा प्रश्न येतो, “तीन आकड्यांचं काय होतं, सर?” तेथे ४९५ येतो. “आणि दोन आकड्यांचं?” तेथे एका जागी थांबणे नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असे चक्र फिरत राहते. “असं का होतं?” हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मग वर्गाबाहेर काढावे लागत नाही, शिक्का मारावा लागत नाही. एकच काम सर्वांपुढे ठेवले. ज्याची जेथवर झेप, तेथवर तो गेला. आणि ‘का’चे संपूर्ण उत्तर मला आले नाही तेव्हा “चला, आपण मिळून शोधू” असे म्हणायला मी शिकलो. आसन डळमळले नाही.

पण एवढ्यावर भागत नाही. काही मुले वर्गाच्या फार पुढे असतात आणि त्यांना समवयस्क सोबत लागते. अशा मुलाला केवळ गणितासाठी वरच्या वर्गात बसू द्यावे काय? आपल्यापैकी बहुतेक शिक्षक याला नकार देतात. मूल एकटे पडेल, त्याचे बालपण करपेल, अशी त्यांना भीती वाटते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो अनेक दशके चालला. वेगाने पुढे गेल्यामुळे मुलांचे सर्वसाधारणपणे नुकसान होत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. मी यावर इतकेच म्हणेन की, निर्णय मुलाच्या इच्छेने व्हावा, पालकांच्या घाईने नव्हे. आणि बाकीचे विषय, खेळ, सहल हे सारे त्याच्या आपल्या सोबत्यांबरोबरच राहावे.

आता समाजवादी म्हणविणाऱ्या देशांनी काय केले, हा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारील. सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला १९३४ साली आणि मॉस्कोला १९३५ साली शालेय गणित-ऑलिंपियाड सुरू झाले. विद्यापीठातील विद्यार्थी संध्याकाळी शाळकरी मुलांची गणित-मंडळे चालवीत. १९६३ साली कोल्मोगोरोव्ह या थोर गणितज्ञाच्या पुढाकाराने मॉस्को विद्यापीठाशी जोडलेली निवासी शाळा निघाली. ती मॉस्कोबाहेरच्या, दूरच्या गावांतील मुलांसाठी होती, आणि साठीचा हा जगप्रसिद्ध माणूस तेथे स्वतः तास घेई. पुढच्याच वर्षी गेलफांड यांनी पत्रद्वारा गणित-शाळा सुरू केली. गेलफांड स्वतः एका आडगावात वाढले होते आणि त्यांचे शालेय शिक्षण पुरे झाले नव्हते. त्यांच्या पत्रशाळेतील एक कल्पना मला फार मोलाची वाटते: एखाद्या खेड्यातील शिक्षक आपल्या मुलांच्या गटासह मिळून एकच विद्यार्थी म्हणून नाव नोंदवू शकत असे. गट मिळून उदाहरणे सोडवी, उत्तरे टपालाने जात, तपासून परत येत. त्या शिक्षकाला सगळे येत असण्याची अट नव्हती.

पण त्याच देशाने काय केले तेही सांगितले पाहिजे. आपण नाही सांगायचे तर कोणी? १९७० च्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागाच्या प्रवेशपरीक्षेत ज्यू मुलांना वेगळे काढून मुद्दाम अशक्यप्राय प्रश्न विचारले जात. त्यांना दार बंद झाले तेव्हा बेला सुब्बोतोव्स्काया या गणितज्ञ बाईंनी १९७८ पासून आपल्या घरी त्यांच्यासाठी वर्ग भरविले. तात्पर्य असे की, सरकारने गुणवत्तेला उचलून धरले म्हणजे न्याय होतोच असे नाही. दार कोणासाठी उघडे आहे, याच्यावर पहारा ठेवावाच लागतो.

आपल्याकडे काहीच झाले नाही असेही नाही. राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजनेची सुरुवात १९६३ सालची. १९७६ साली श्रीराम अभ्यंकरांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ साली झज्जर आणि अमरावती येथे झाली; त्यांत किमान पाऊणशे टक्के, म्हणजे शंभरात पंचाहत्तर जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी ठेवल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय गणित-ऑलिंपियाडमध्ये भारत १९८९ साली उतरला आणि १९९६ साली ते मुंबईत भरले. पण प्रज्ञाशोध योजना २०२१ साली स्थगित करण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष गती असलेल्या मुलांसाठी शाळा, शाळा-संकुल आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे काढावीत असे लिहिले आहे. ते चालवायला शिक्षकाला तास कोण देणार, याची सोय मात्र गावात दिसत नाही. आणि या परीक्षांचा हंगाम पाहा. त्या साधारणतः हिवाळ्यात येतात. त्या वेळी ऊसतोड मजुरांची मुले कारखान्यांच्या तळांवर असतात. नियमाने त्यांना कोणी बाद केलेले नाही. वेळापत्रकाने केले आहे.

म्हणून या शिबिरापुढे मी चार सूचना ठेवतो.

पहिली, सहावीच्या प्रत्येक मुलाची, अर्ज व शुल्क न घेता, शाळेच्या वेळात, कमीत कमी भाषा लागेल अशी एक गणित-चाचणी व्हावी, आणि ती दसऱ्यापूर्वी व्हावी. ती एकदाच होऊन शिक्का बसू नये. दरवर्षी पुन्हा व्हावी, कारण काही मुले उशिरा उमलतात.

दुसरी, प्रत्येक केंद्रशाळेत आठवड्यातून दोन तास गणित-मंडळ असावे. ते शाळेच्या वेळात असावे. शाळा सुटल्यावर भरणारे मंडळ म्हणजे पाचची एसटी गाठणाऱ्या मुलीला बंद दार. मंडळाला येण्यासाठी चाचणीतील गुणांची अट नसावी. ज्याला यावेसे वाटते त्याने यावे. चाचणी ही आपल्याला न दिसलेल्या मुलाला बोलावून आणण्यासाठी, आलेल्याला अडविण्यासाठी नव्हे.

तिसरी, हे दोन तास शिक्षकाच्या कामात मोजले जावेत आणि तेवढ्यापुरती अशैक्षणिक कामांतून त्याची सुटका व्हावी. आपल्या संघटनांनी वेतनश्रेणीच्या मागण्यांबरोबर ही मागणीही यादीत घालावी. ती शेवटच्या पानावर नसावी.

चौथी सूचना सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. दरमहा मराठीत पाच-सहा चांगल्या उदाहरणांचे एक पत्रक आपण काढू शकतो. ते वाचनालयात लावावे, तळांवरच्या साखरशाळांत पोहोचवावे, मोबाईलवरून पाठवावे. उत्तरे तपासायला महाविद्यालयांतील आपले तरुण मित्र आहेत. ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या मागे हे पत्रक जाऊ शकते. शाळा जाऊ शकत नाही. यासाठी परवानगी लागत नाही आणि खर्चही फार येत नाही.

मित्रहो, समता म्हणजे सगळ्यांना एका उंचीवर कापणे, असा आरोप आपले विरोधक आपल्यावर नेहमी करतात. आपण त्याला भाषणांतून उत्तर देतो. वर्गातून द्यायचे राहून जाते. उद्या आपल्या शाळेत परतल्यावर एवढे करा. ज्या मुलाच्या वहीवर आपण ‘रीत नाही’ असा शेरा मारून ठेवला आहे, त्याला जवळ बोलवा आणि विचारा, “तू हे कसं केलंस, सांग बरं.” आणि त्याचे सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.